पिवळी बारा, लाल पाच

१२ नोव्हेंबर

पुन्हा तेच! सकाळपासून वर बोट दाखवतेय. मी पाणी दिलं — नाही. शाल दिली — नाही. चष्मा, पेपर, रेडिओ — नाही, नाही, नाही. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझं डोकं फिरलं. 'अगं, मग काय पाहिजे ते सांग ना!' असा ओरडलो.

सांग ना, म्हणे. जिला जूनपासून बोलताच येत नाही तिला!

दुपारी देवयानी झोपली की मी हे लिहायला बसतो. तेवढाच वेळ माझा. अर्धांगाचा झटका तिला आला, पण घर दोघांचं थांबलं. आता दिवसभर मी एकटाच बोलतो. तिच्याकडे शब्द दोनच उरलेत — 'नाही' आणि 'अरे देवा'. त्यातला 'नाही' कधी नाही असतो, कधी हो असतो. चेहऱ्याकडे बघून ठरवायचं.

आज दोन वेळा चुकीचं ठरवलं. खिचडी करपली. झोप येते आहे.

१३ नोव्हेंबर

वर म्हणजे माळा!

स्टूल लावून चढलो. एकेक वस्तू दाखवत गेलो. सुटकेस — नाही. गाद्यांचं गाठोडं — नाही. आमच्या लेकीचा, आश्लेषाचा, शाळेतला जुना कंप्युटर, धुळीने पांढरा झालेला — 'नाही! नाही नाही नाही!' आणि हसली. म्हणजे हो.

ते धूड खाली काढताना जीव गेला. पलंगावर टेकलो तरी धाप जाईना. धूळ असेल. बाहेरची हवाही घाण आहे सध्या. समोरच्या सेक्टरातली घरं दिसत नाहीत.

मग मोठ्या उत्साहाने पडदा जोडायला गेलो. तिने कपाळाला हात लावला. डावा. उजवा मांडीवर पडलेला असतो, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

१४ नोव्हेंबर

पडदा नको. कीबोर्ड नको. पेटी उघडून हवी आहे!

१५ नोव्हेंबर

उघडली. आत कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा, त्याला पंखा, आणि डब्यातून निघालेला रंगीत तारांचा झुबका. तेवढाच तिला हवा. बाकीचं तिने पायाने सरकवून दिलं.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. मागच्या खोलीत तिचं टेबल आहे. त्यावर एक पॉवर सप्लाय होता — भिंतीतली वीज आत घ्यायची आणि टेबलावर खेळायला पुरेल एवढी, साधी, निरुपद्रवी वीज बाहेर द्यायची. ऑगस्टमध्ये लाइटचा झटका आला तेव्हा तो जळाला. मी तिकडे बघितलंही नाही. म्हटलं, आता कुणाला लागणार आहे? आणि ही बाई तेव्हापासून मनात त्याच्या जागी दुसरा शोधत बसली असणार! कंप्युटरचा हा डबाही तेच काम करतो. फक्त कंप्युटरसाठी करतो.

नोकरीभर मेडिकल इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमध्ये तिने बिघडलेली यंत्रं दुरुस्त केली. घरी आली की पुन्हा तेच, पण हौसेचं. कधी रेडिओ, कधी दिव्यांची माळ, कधी पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटा. मी ऑडिटमधला माणूस. मिरजेहून एवढ्या उत्तरेला बदलून आलो आणि इथलाच झालो. मला फ्यूजसुद्धा बसवता येत नाही. तिने कधी बसवू दिला नाही.

आता बसवायला माझेच हात आहेत. बघू.

१८ नोव्हेंबर

हरलीन आली होती. बोलायला शिकवायला येते ती. मुलगी गुणी आहे, हिरमुसत नाही. देवयानीला चित्रांची कार्डं दाखवते — सफरचंद, मांजर, छत्री — आणि देवयानी खिडकीबाहेर बघत बसते. वर्कशॉपमध्ये डॉक्टरांना झापणाऱ्या बाईला मांजर दाखवायचं! मलाच कसंतरी होतं.

आज देवयानीने कार्डं बाजूला सारली आणि तो पत्र्याचा डबा ओढून हरलीनच्या मांडीवर ठेवला. मी म्हटलं झालं, आता ही पोरगी वैतागणार. तिने शांतपणे एक तार उचलली.

'ये कौन सा रंग है, आंटीजी?'

ओठ हलले, थांबले, परत हलले. आणि मग—

'पिवळी.'

मी भाजी चिरत होतो. सुरी खाली ठेवली.

'पीली?' हरलीन म्हणाली.

'पिवळी,' देवयानीने ठासून सांगितलं. आणि वर, 'बारा.'

'बारह? बारह क्या, अंकलजी?'

मला काय ठाऊक! चष्मा लावून डब्यावरचा कागद वाचला. पिवळ्या तारेत बारा व्होल्ट. खरंच लिहिलं होतं! तोवर ती पुढे गेली होती — 'लाल. पाच.' तेही बरोबर.

माझं नाव येत नाही. चहा म्हणता येत नाही. आणि पिवळी बारा, लाल पाच!

हरलीन जाताना म्हणाली, 'अंकलजी, मेरे कार्ड छोड़ो. यही करवाओ इनसे.'

म्हणजे अजून एक काम माझ्याच डोक्यावर.

१९ नोव्हेंबर

दिवसभर कपडे, डॉक्टर, औषधं. डब्याला हात लावला नाही. ती तोंड फिरवून झोपली.

२२ नोव्हेंबर

हिरवी तार काळ्याला जोडली की डबा सुरू होतो. कंप्युटरचं बटण दाबल्यावर आत हेच होत असतं म्हणे. तिने खुणेने दाखवलं, मी वायरचा तुकडा लावला. पंख्याने एक गिरकी घेतली आणि थांबला.

'बिघडलाय,' मी म्हटलं.

'नाही,' ती म्हणाली. यावेळचा 'नाही' खराच नाही होता.

मग डाव्या हाताने कागदावर काहीतरी काढू लागली. पहिली रेघ कागदाबाहेरच गेली. मी धरायला गेलो तर हात झटकला. नागमोडी रेघ, शेजारी 'लाल', शेजारी 'काळा' — अक्षरं पहिलीतल्या पोरीसारखी. पण अक्षरं! जूननंतरची पहिली.

यूट्यूबवर बघून उलगडा झाला. या जुन्या डब्यांना थोडं ओझं लागतं. काहीच ओढणारं नसेल तर ते चालू राहत नाहीत. लाल आणि काळ्याच्या मध्ये एक जाडजूड रेझिस्टर कायमचा जोडून ठेवायचा, म्हणजे डब्याला वाटतं काम आहे.

ओझं नसलं की बंद पडतो! माझं नेमकं उलटं आहे.

२४ नोव्हेंबर

बावीस सेक्टरात पार्ट्सच्या दुकानात गेलो. मिसेस गिल — खालच्या मजल्यावरच्या — देवयानीजवळ बसल्या म्हणून जमलं. दुकानात सगळी कॉलेजची पोरं, आणि मी स्वेटर, मफलर, हातात पहिलीतल्या अक्षरांचा कागद.

'अंकलजी, रेझिस्टर तो ठीक है, पर कितने ओम का? कितने वॉट का?'

व्हिडिओ कॉल लावला. मिसेस गिलनी फोन देवयानीच्या तोंडासमोर धरला. दुकानदाराने एक बारकासा तुकडा दाखवला. तिने असं काही तोंड केलं की तो हसलाच. मग मोठे दाखवायला लागला. पांढरा, खडूसारखा चौकोनी आला तेव्हा ती ओरडली, 'नाही! नाही नाही!'

'मना कर रही हैं?'

'नाही, नाही, वो हाँ बोल रही हैं!' मी म्हटलं.

अख्खं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. पण तोच घेतला. तारा अडकवायचे लाल-काळे टर्मिनलही घेतले, एक स्विच घेतला. बसने परत आलो. दोन मजले चढताना मधल्या वळणावर थांबावं लागलं. पाठ भरून येते. रात्री तिला कुशीवर वळवायचं म्हणजे पाठीचंच काम आहे.

२९ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहायला बसलो तरी छाती धडधडते.

डब्याचं झाकण काढायचं होतं. मघाशीच तो लावून बघितला होता, म्हणून भिंतीतलं बटण बंद केलं, पिन उपसली, बाजूला ठेवली. आता वीजच नाही तर भीती कसली? स्क्रू काढले, झाकण उचललं. आत एक सुटी तार दोन गोल नळकांड्यांच्या मागे गेली होती. ती बाहेर ओढायला मी स्क्रूड्रायव्हर आत घातला.

'विश्वा! नको!!'

खोलीत दुसरं कोणी आलं की काय असं वाटलं मला. हात जागच्या जागी थांबला. वळून बघितलं तर ती खुर्चीत अर्धी उठलेली. चेहरा पांढराफटक.

मग तिने टेबलावरच्या व्होल्ट मोजायच्या मीटरकडे बोट दाखवलं. मी त्या नळकांड्यांवर मीटरच्या सुया टेकवल्या. दीडशे व्होल्टच्या वर! पिन उपसलेली असताना! ती नळकांडी वीज साठवून ठेवतात. कधी लगेच रिकामी होतात, कधी होत नाहीत. यातली झाली नव्हती. माझा स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापासून बोटभर लांब होता.

तिने खुणेने होल्डरमधला बल्ब आणायला लावला, त्याच्या तारा त्यावर टेकवायला लावल्या. बल्ब जरासा मिणमिणला आणि विझला. परत मीटर. शून्य. आणि मग परत एकदा मीटर. तिने तीनदा बघायला लावलं, तेव्हा कुठे मान हलवली.

विश्वा म्हणाली मला. जूनपासून पहिल्यांदा. परत म्हणून दाखव म्हटलं. ओठ हलवत राहिली, आलं नाही. रडायला लागली. मीही लागलो. दोन म्हातारी माणसं, मध्ये पत्र्याचा डबा!

३० नोव्हेंबर

आज नाव घेतलं नाही. मी विचारलंही नाही.

४ डिसेंबर

आश्लेषाचा फोन. देवयानी आंघोळीला बसली होती, मी दाराबाहेर उभा.

'बाबा, तुम्ही किती दिवस एकट्याने ओढणार? पुण्यात माझ्या बिल्डिंगमध्येच खाली फ्लॅट रिकामा होतोय. फेब्रुवारीत या. बाई ठेवू, नर्स ठेवू. मी आहे. रोज बघेन आईला.'

मी आतल्या पाण्याचा आवाज ऐकत होतो. ती म्हणाली, 'बाबा?'

'हो,' म्हटलं.

'हो म्हणजे येताय?'

'येतो बाई, येतो. घेऊन जा आम्हाला.'

एवढं बोललो आणि अंगातलं सगळं ओझं उतरल्यासारखं झालं. खरंच सांगतो, कुणी माझ्या हातातलं जड ताट काढून घ्यावं तसं. कोणीतरी दुसरं उठेल. कोणीतरी दुसरं बेडपॅन धुवेल. मी झोपेन!

देवयानीला सांगायचं आहे. तिला हे शहर सोडायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. जुलैमध्ये पुण्याचं नाव काढलं तेव्हा तिने औषधाची वाटी भिरकावली होती. सांगतो दोन दिवसांत.

१० डिसेंबर

सांगितलं नाही.

डब्याला भोकं पाडली. ड्रिल तिचंच. पत्र्याचा बारीक चुरा आत पडला तर आतलं सगळं जळेल, म्हणून आतली सर्किटची पाटी आधी पूर्ण बाहेर काढायची — हे तिने कसं सांगितलं असेल? टेबलावर मीठ सांडलं, बोटाने दाखवलं, आणि 'अरे देवा' म्हणाली. कळलं!

पहिलं भोक वाकडं गेलं. दुसरं त्याहून. तिने तोंडावर हात ठेवला. हसत होती. ड्रिल चालवून डावा खांदा अजून दुखतोय. धरलं होतं उजव्या हाताने, दुखतोय डावा. वय झालं.

१३ डिसेंबर

सगळ्या पिवळ्या एका टर्मिनलला. सगळ्या लाल दुसऱ्याला. नारिंगी तिसऱ्याला. काळ्या सगळ्या एकत्र. ती नाव घेते, मी वेगळी करतो. कधी चुकते — लालला निळी म्हणाली, आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घेतली. मी हात धरला. 'अगं, मी तर अजून सोल्डर आणि शिसपेन्सिलीत गोंधळतो,' म्हटलं. खोटं होतं, पण हसली.

मी लावलेली जोडणी तिने ओढून बघितली. तुटली. परत लावली. परत तुटली. तिसऱ्यांदा तिने इस्त्री — सोल्डरिंगची, तिची लहान — माझ्या हातातून काढून डाव्या हातात घेतली. मी तार धरली. तिने टेकवलं. धूर निघाला, चांदीसारखा थेंब पसरला. ओढली. तुटली नाही.

१५ डिसेंबर

चालला!!

स्विच दाबला. पंखा फिरला, आणि फिरतच राहिला. पिवळ्यावर मीटर लावला — बाराच्या जवळ. लालवर — पाच. तिने गाडीच्या दिव्याचा एक बल्ब पुढे सरकवला. लावला. लख्ख पेटला. मागची खोली संध्याकाळपासून अंधारी असते, आज भिंतीवर तिची सावली दिसली, ताठ बसलेली.

ती म्हणाली, 'बास.' नवा शब्द!

मी म्हटलं, 'बास नाही. अजून काय लावायचं?'

मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. सकाळी उठताना वाटत होतं, आज पडून राहावं.

१६ डिसेंबर

पुण्याचं सांगितलं नाही. आश्लेषाने पॅकर्सचं ठरवायला घेतलंय.

२३ डिसेंबर

मिसेस गिल वर आल्या. इंटरनेट बंद. मुलीचं लग्न ठरलंय, दिवसभर कॅनडाला फोन चालू असतात, आणि नेमका राउटर मेला. 'नया लेना पड़ेगा जी,' म्हणून कुरकुरत होत्या.

देवयानीने हात पुढे केला. त्यांनी राउटर दिला. तिने उलटा करून बारीक अक्षरं वाचली, माझ्याकडे बघितलं. 'बारा.'

मी पिवळी आणि काळी जोडली. राउटरच्या पिनेच्या आत कुठली जाते आणि बाहेर कुठली, हे तिने दोनदा तपासायला लावलं. स्विच. राउटरचे दिवे एकेक करून हिरवे झाले.

'हाय रब्बा!' मिसेस गिल म्हणाल्या. 'ये तो ठीक है!'

आणि देवयानी, जिला अजून चहा म्हणता येत नाही, ती स्पष्ट, ऑफिसातल्या आवाजात म्हणाली — 'अडॅप्टर.'

राउटर चांगला आहे, त्याचा अडॅप्टर गेलाय. बरोबर होतं. मिसेस गिल तिला मिठी मारून, गाजराचा हलवा पाठवते म्हणून गेल्या. मी देवयानीकडे बघत होतो. तिने डाव्या हाताने केस मागे सारले, जुन्या सवयीने. वर्कशॉपमधून सुटून आल्यावर सारायची तशी.

मी संडासात जाऊन बसलो थोडा वेळ. फेब्रुवारी किती जवळ आला आहे!

२८ डिसेंबर

व्हायचं ते झालं. आश्लेषाने व्हिडिओ कॉल केला, आई समोरच बसलेली. 'आई! बाबांनी सांगितलं ना? सामानवाले येणारेत. मागच्या खोलीतलं ते सगळं भंगार काढून टाका हं आधी, इकडे जागा नाही.'

मी फोन काढून घेईपर्यंत बोलून झालं होतं.

देवयानीने माझ्याकडे बघितलं. ओरडेल असं वाटलं. वाटी फेकेल. तर चाकाची खुर्ची एका हाताने वळवायला गेली, भिंतीला अडकली, परत वळवली. मागच्या खोलीत गेली. दार लोटलं.

मी दाराबाहेरून बोलत राहिलो. थकलो गं, म्हटलं. मला उठवत नाही सकाळी. तुला उचलताना मला माझी भीती वाटते. सगळं म्हटलं. आतून नुसता पंख्याचा आवाज. त्या डब्याचा.

२९ डिसेंबर

जेवली नाही.

३० डिसेंबर

दोन घास. माझ्याकडे न बघता.

२ जानेवारी

धुकं. गच्चीवरून खाली रस्ता दिसत नाही, नुसते हॉर्न. वरून विमानतळाच्या दिशेने एक विमान गेलं, दिसलं नाही. ऊन नाही त्यामुळे तिचा हात आखडतो. तेल लावून चोळला. चोळू दिला.

हरलीनने विचारलं, 'आंटीजी आज चुप क्यों हैं?' मी म्हटलं, थंडी. हरलीनने माझ्याकडेही जरा जास्त वेळ बघितलं. 'और आप, अंकलजी? आपका रंग ठीक नहीं लग रहा. बीपी चेक करवाया?' करतो म्हटलं. कधी करू?

५ जानेवारी

आश्लेषाला फोन केला. सांगितलं, येत नाही. निदान यंदा नाही.

'बाबा, तुम्ही हो म्हणाला होतात!'

'तिला न विचारता म्हणालो होतो.'

'आईला विचारायचं म्हणजे काय? ती बोलते का?'

'बोलते,' म्हटलं. 'पिवळी, लाल, बास, अडॅप्टर. नको. रोज एखादा वाढतो. इथे, या टेबलापाशी वाढतो. तुझ्याकडे वाढेल की नाही मला ठाऊक नाही.'

ती रडली. चिडलीही. 'आणि तुम्ही? तुमचं काय?' म्हणाली. पोरगी वाईट नाही. लांबून बघवत नाही तिला.

मग मागच्या खोलीत गेलो आणि देवयानीला सांगितलं. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी खरं बोलतोय का ते तपासत, मीटर लावल्यासारखी. मग बाजूचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

बसलो. तिने हातात पक्कड दिली.

६ जानेवारी

चांगलं वाटलं पाहिजे. वाटतं. पण सकाळी उठलो तेव्हा पलंगाच्या कडेवर बसून विचार करत होतो, आता कुठपर्यंत? ताट परत माझ्याच हातात. मीच मागून घेतलं.

१० जानेवारी

रात्री तिला बाथरूमला जायचं असलं की मला उठवता यावं म्हणून दोघं मिळून एक घंटा करतोय. ती बटण दाबेल, तिला हाक मारता येत नाही ना. पाच व्होल्टवर वाजते. आवाज असा कर्कश की पहिल्यांदा वाजली तेव्हा मीच दचकलो! ती म्हणाली, 'छान.' मी म्हटलं, 'छान काय? शेजारी उठतील.' 'उठू दे,' म्हणाली.

दोन शब्द. एकामागे एक. माझ्या बोलण्याला उत्तर म्हणून!

१३ जानेवारी

लोहडी. गिलांच्या दारात शेकोटी. त्यांच्या दोन भाच्यांनी देवयानीला खुर्चीसकट खाली उतरवलं. रेवडी, शेंगदाणे, ढोल. लग्नघर आहे, पन्नासेक माणसं. मिसेस गिल जो भेटेल त्याला सांगत होत्या, 'इन्होंने मेरा राउटर ज़िंदा किया!' दोघी-तिघी आपापल्या घरातलं मेलेलं सामान घेऊन येते म्हणाल्या. देवयानीच्या चेहऱ्यावर शेकोटीचा उजेड. मला म्हणाली, 'विश्वा. बस.'

नाव आलं. सहज आलं, कुणी मरत नसताना.

बसलो. उभं राहवतही नव्हतं. जेवण वर आलंय, छातीत जळजळ होते आहे. गिलांकडचं तूप. उद्या नुसता भात खाईन. उद्या संक्रांत आहे पण, तिळगूळ करायला हवा. मिरजेला आई करायची त्यात— जाऊ दे. झोपतो.

१९ जानेवारी

मी देवयानी. वही विश्वाची. आज मी. डावा हात. शब्द चुकतात.

संक्रांत. सकाळ. विश्वा ओट्याजवळ पडला. घाम. छाती धरली.

मी फोन. मिसेस गिल. मी म्हणाले, ऊपर. विश्वा. छाती. त्या समजल्या. भाचे आले, उचलला, गाडी.

डॉक्टर म्हणाले हार्ट. नळी बंद होती. उघडली. स्प्रिंग घातली. आता बरा. बोलतो. मंगळवारी घरी.

आश्लेषा आली. माझ्याजवळ झोपते. पुणं विचारलं. मी हो म्हणाले. मीच. ती रडली. टेबल पण नेणार, मी म्हणाले. ती हो म्हणाली.

विश्वाला अजून नाही सांगितलं. मी सांगणार.

तूप बंद. मीठ कमी. जिना बंद. चिडेल.

चिडू दे.